खटक्यावरचा अंगठा

डिंपल नागपुरात नेमकं काय शिकते, हे करडी गावात कोणालाच धड सांगता येत नसे. नर्सिंग म्हटलं की लोकांना कळतं, डीएड म्हटलं की कळतं, आणि काहीच शिकत नसेल तर लग्न कधी करता हे तरी विचारता येतं. पण बीएस्सी, आणि तीही फॉरेन्सिक सायन्समध्ये, म्हणजे पोरगी करणार तरी काय? कोणी म्हणे पोस्टमार्टमवाली होणार, कोणी म्हणे सीआयडीत जाणार. टीव्ही पाहून पाहून अर्ध्या गावाचा हा कोर्स आधीच झालेला होता, त्यामुळे मतांना तोटा नव्हता. तिचे वडील यादोराव पानठेल्यावर एवढंच सांगत, "चोराचे बोटं वाचते ते." मग कोणीतरी हमखास आपला अंगठा पुढे करी आणि म्हणे, "माह्यं लगन कधी जुळते, तेही वाचाले सांगा."

हे खूळ तिच्या डोक्यात घातलं होतं तिच्या मोठ्या भावानं, हेमराजनं. तो स्वतः बारावीनंतर शेतात उतरला, पण कुठल्या कॉलेजात काय शिकवतात हे मोबाइलवर शोधत बसायची त्याला हौस. प्रवेशाचा अर्ज त्यानंच भरला, होस्टेलवर सोडायलाही तोच गेला. त्यांची आई आनंदाबाई घाबरली होती. "मेलेल्याच्या वस्तूले हात लावा लागन का वो तुले?" असं ती सारखी विचारायची. तेव्हा हेमराज म्हणाला होता, "आई, मेलेला माणूस काही करत नाही. जे करते ते जित्तेच करतेत."

पहिल्या वर्षाच्या दिवाळीत डिंपल शाईचं पॅड आणि कोरे कागद घेऊन घरी आली. घरच्या सगळ्यांच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन यायचे, असं प्रॅक्टिकल होतं. आनंदाबाई बोटं पुढे करीचना. "जमीन त लिहून घेत नाही ना?" तिनं विचारलं आणि सगळे हसले. शेवटी तिनं बोटं दिली, तेव्हा अंगठ्यावरची विळीच्या कापाची तिरपी रेघही कागदावर उमटली. हेमराजनं स्वतःचे ठसे देऊन झाल्यावर शाईचा अंगठा बहिणीच्या गालावर दाबला. साबणानं घासूनही तो डाग दोन दिवस गेला नाही, आणि भाऊबिजेच्या फोटोत डिंपल तशीच आहे.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यात, उन्हाळी धानाच्या दिवसांत, हेमराज गेला.

तो कसा गेला हे समजायचं तर आपल्याकडची शेतातली लाईन, म्हणजे वीज, समजून घ्यावी लागते. ती पाळीनं येते. कधी येईल, कधी जाईल, याचा भरवसा नाही. आता तिची वाट पाहत मोटरीजवळ बसून कोण राहील? म्हणून स्टार्टरच्या पेटीत एक खटका असतो. तो ऑटोवर टाकला की लाईन आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते. लाईनमन येऊन ओरडतो, ऑटो लावू नका, जीव जाईल. लोक मान डोलावतात, त्याला चहा पाजतात आणि तो वळला की खटका ऑटोवर टाकतात. दुसरी खोड याहून वाईट. लाईन गेलेली असली की वायरला हात घालताना फ्यूज काढायचे कष्ट कोणी घेत नाही. लाईनच नाही, मग भीती कसली?

त्या दिवशी लाईन नव्हती. विहिरीच्या पलीकडच्या अंगाला, मातीच्या ढिगाऱ्यामागे, मोटरीच्या केबलचा जोड सुटला होता. हेमराज तिथे बसून तो उघड्या हातांनी बांधत होता. जोड बांधायचा म्हणजे तो आधी खटका खाली पाडून जायचा, ही त्याची सवय. पण लाईन आली तेव्हा खटका ऑटोवर होता.

यादोरावांनी पोलिसांना, पंचांना, सगळ्या गावाला एकच सांगितलं, "मीच टाकला. मले का मालूम, पोट्टा तिकडं बसला हाय म्हणून." अपघात म्हणून नोंद झाली. बापच कबूल करतो म्हटल्यावर खटक्याकडे कोण बघतो? लाईनमन फ्यूज काढून घेऊन गेला. मोटरघराकडे मग कोणी फिरकलं नाही. पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवून झालेलं धान उभं वाळलं.

आनंदाबाईनं त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढून ठेवायची आणि उठून जायची. आयुष्यभर तिला 'हेमराजची माय' म्हणून हाक मारणाऱ्या यादोरावांनाही आता तिला काय म्हणून हाक मारावी हे सुचत नसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत डिंपल पुन्हा घरी आली तेव्हा घरात हेमराज कुठेच नव्हता. तेरवीच्या आधी रिवाजाप्रमाणे घर शेणामातीनं पोतलं होतं, भांडी घासली होती, त्याचे कपडे, चादरी, अंथरूण सगळं देऊन टाकलं होतं. मेलेल्याचं काही मागे राहू नये म्हणून करतात हे. कोणीही चुकवत नाही, तिच्या आईनंही चुकवलं नव्हतं. फक्त दुपारी कधीतरी लाईन यायची, शेताशेतांतून मोटरी एकामागून एक घुमायला लागायच्या, आणि घरात जो जिथे असेल तो तिथेच थांबायचा. आनंदाबाईच्या हातातलं सूप थांबायचं. ती भिंतीकडे पाहून म्हणायची, "ज्यानं तो खटका टाकला, त्याचा हात झडो." यादोराव तिथेच बसलेले असायचे. ते पायात चपला घालून बाहेर निघून जायचे. हे रोजचं होतं. या घरात येऊन लाईन फक्त हेच करत होती.

एका दुपारी करमेना म्हणून डिंपलनं ठसे उठवायची आपली काळी पावडर आणि ब्रश काढला. परीक्षेत तिचा ब्रश जड पडतो, असं सर म्हणाले होते, म्हणून सरावाला कपाटाचा आरसा घेतला. खालची काच पुसलेली होती. वरच्या कोपऱ्यापर्यंत मात्र आनंदाबाईचा हात पोहोचला नव्हता. डिंपल पाटावर चढली, ब्रश हलक्या हातानं फिरवला, आणि काचेवर चार बोटं उमटली. ती कोणाची हे तिला भिंग न लावताच कळलं. केस विंचरताना तो आरशाला हात टेकून उभा राहायचा.

ती बोटं आतल्या बाजूनं टेकल्यासारखी दिसत होती. तरी डिंपलचा हात थांबला नाही, शिकलेला हात होता. तिनं टेप चिकटवली आणि ठसा उचलून कागदावर घेतला. मागे आई येऊन उभी होती.

"हे का हाय?"

"दादाचे बोटं."

आनंदाबाई आधी कागदाकडे पाहत राहिली, मग आरशाकडे. काच कोरी झाली होती. "तू तिथून काढलं, म्हणजे तिथून ते गेलं?"

"हो. टेपवर येते ते."

"मंग काहून काढलं?" आई म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर घराचं काय झालं ते सांगताना मलाही बरं वाटत नाही. आनंदाबाईनं पुसणं सोडलं. झाडू लावायची, पण भिंतीला, दाराला, काचेला फडकं लावीना. रोज ती काहीतरी घेऊन यायची. बॅटरी आणली, गाडीचा साईड ग्लास काढून आणला, माळ्यावरची जुनी स्टीलची टाकी उतरवली. "यावर पाह्य," म्हणायची. डिंपल पावडर टाकायची, आणि कशाकशावर हेमराज निघायचा. टेप लावायची मात्र मनाई होती. जिथे निघाला तिथेच ठेवायचा. होता होता घरभर काळी बोटं झाली. दाराच्या चौकटीला, खिडकीच्या गजाला, फ्रिजच्या मागच्या अंगाला. आनंदाबाई येता जाता त्यांच्या जवळ उभी राहायची, हात लावायची नाही, फक्त आपला तळवा समोर धरायची. "येवढा मोठा होता का वो त्याचा हात?" एकदा तिनं विचारलं. डिंपलला दिवसाढवळ्या त्या घरात एकटं बसायची भीती वाटायला लागली होती. मेलेला माणूस काही करत नाही म्हणणारा तिचा भाऊ चौकटीला हात टेकून उभा होता आणि तिनंच त्याला आणून उभं केलं होतं.

पानठेल्यावर लोक वेगळंच बोलत होते. पोरगाच खटका पाडायचा विसरला असेल, बाप त्याचं नाव राखायला स्वतःच्या अंगावर घेतोय. हे फिरत फिरत आनंदाबाईच्या कानावर आलं आणि तिचं उरलंसुरलं जेवणही सुटलं. दुसऱ्या दिवशी ती लेकीसमोर येऊन बसली.

"त्या खटक्यावर पाह्य."

डिंपल पावडरची डबी बंद करू लागली.

"तुह्या बापानं टाकला का पोट्टा विसरला, ते मले एकदाचं कळू दे. बापाचं नसन त मी येवढे महिने कोणाले शिव्या देऊन राहिली? आन् असन त असन. पण हे अधांतरी मले खाऊन राहिलं, डिंपल." मग ती नेहमीचंच सांगू लागली, डिंपलनं पन्नासदा ऐकलेलं. "मी तिथंच होती वो. डबा घेऊन गेली होती. वांग्याची भाजी पाझरली होती त्या दिवशी, सारा हात पिवळा झाला माह्या. खुंटीले डबा टांगला आन् आली. पेटीपाशीच उभी होती मी. नजर गेली असती त पाडला असता ना खटका."

लेकीनं जर नाही म्हटलं असतं तर ती स्वतः उठून गेली असती. डिंपल दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी घेऊन निघाली. यादोराव मागून चालत आले. बांधीबांधीतून धानाचे वाळके खुंट पायाला टोचत होते.

मोटरघराची कडी काढली तेव्हा आतून कोंदट वास आला. पेटीचं झाकण लावलेलं होतं. डिंपलनं हातमोजे घातले, झाकणावर ब्रश फिरवला. हेमराज. बाजूला, हेमराज. आतल्या बटनांवरही हेमराज. पेटी त्यानंच आणून बसवली होती, मधूनमधून एखादं पुसट बोट सोडलं तर तिच्यावर सगळा त्याचाच हात होता. वडिलांचं एकही बोट तिला दिसलं नाही. तेव्हा तिला आठवलं की बाबा या नव्या पेटीला घाबरायचे. काही करायचं असलं की हेमराजला सांगायचे, नाहीतर दुसऱ्या कोणाला.

खटका ऑटोवरच होता. पांढऱ्या प्लास्टिकचा, चपटा. त्यावर पावडर टाकायची गरजच पडली नाही. झाकणाआड अंधारात राहिलेला एक अंगठा त्यावर उघड दिसत होता, पिवळा, हळदीचा, तेलात बसलेला. डिंपलनं भिंग लावलं. अंगठ्याच्या मधोमध विळीच्या जुन्या कापाची तिरपी रेघ होती.

वर्गात सर पहिल्याच तासाला सांगतात, ठसा कोणाचा हे सांगता येतं, कधीचा हे सांगता येत नाही. कोर्टात हा प्रश्न विचारतात, तेव्हा फुशारकी मारू नका. डिंपलनं हे उत्तर परीक्षेत दोनदा लिहिलं होतं. पण हा ठसा कधीचा हे तिला माहीत होतं. भाजी त्याच दिवशी पाझरली होती. तिनं भिंग खाली ठेवलं.

"दिसलं?" दारातून यादोराव म्हणाले.

तिनं वळून पाहिलं. बाप चौकटीला धरून उभा होता. त्याला पहिल्यापासून माहीत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"तिले आठवत नाही," ते म्हणाले. "रोज टाकत होती, कोणत्या दिवशी टाकला ते कसं आठवन? घराची कडी लावलेली आठवते का कोणाले? सकाळी मीच म्हणलं होतं, डबा नेशीन त खटका ऑटोवर टाकजो. रोजच म्हणत होतो. पोट्टा ढिगाऱ्याच्या मागं होता, तिले का दिसते." त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "मी आलो त डबा खुंटीले होता, आन् खटका असा. समजलो मी. म्हणून म्हणलं, मी टाकला. खोटं नाही वो ते. हात तिचा, पण सांगणं माह्यं."

"आई तुमाले रोज शिव्या देते, बाबा."

"देऊ दे. शिव्या देते म्हणून उभी हाय. तिले हे कळलं त ते याच विहिरीत जाईन, मले मालूम हाय. पंचवीस वर्सं काढले तिच्यासंग." मग त्यांनी लेकीकडे असं पाहिलं की डिंपलला मान वळवावी लागली. "आता तू सांग काय सांगाचं ते. तू शिकलेली."

घटनास्थळी कशालाही हात लावायचा नाही, हाही कॉलेजातला सुरुवातीचाच धडा. डिंपलनं हातमोजा काढला. ओढणीचं टोक तोंडात धरून ओलं केलं आणि खटका पुसला. हळद लवकर निघत नाही. तिनं घासला, पुन्हा ओला केला, पुन्हा घासला, आणि घासता घासता ती मोठ्यानं रडत होती. तिची आई त्या पेटीपुढे उभी असलेली तिला दिसत होती, हातातला डबा खुंटीला लावणारी, पिवळा हात पदराला पुसणारी, आणि ढिगाऱ्यामागे बसलेल्या पोराची पाण्याची चिंता दूर करून घरी निघालेली. यादोराव बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले.

घरी परतताना डिंपलनं ठरवलं होतं, आईला सांगायचं की काहीच निघालं नाही, सगळं पुसलं गेलंय. तेवढं खोटं तिला पेलवलं असतं. पण वाटेतच लाईन आली. आजूबाजूच्या शेतांतून मोटरी घुमायला लागल्या. ते दोघं अंगणात शिरले तेव्हा आनंदाबाई दारात उभी राहून बोलत होती, भिंतीशीच, नेहमीसारखी. "ज्यानं टाकला, त्याचा हात झडो. त्याच्या हातचं पाणी कुत्र्यानं नाही प्यावं."

दाराच्या चौकटीला टेकलेला तिचा उजवा हात डिंपलला दिसत होता. हेमराजच्या काळ्या बोटांच्या शेजारी.

आईनं त्यांना पाहिलं आणि ती थांबली. "निघालं?"

काही निघालं नाही म्हटलं तर हे असंच चालणार, लाईन येईल तेव्हा तेव्हा, जन्मभर. आई स्वतःच्याच हाताला शिव्या देत राहणार आणि बाप ऐकत राहणार. डिंपलनं बापाकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी.

"निघालं, आई," ती म्हणाली. "बाबांचाच हाय."

आनंदाबाईच्या तोंडून जे येईल ते झेलायला यादोराव खाली मान घालून उभे होते. ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. डिंपलला वाटलं, आता काहीतरी फेकून मारते. पण आनंदाबाईनं चुलीपुढे पाट टाकला, ताट वाढलं, भातावर वरण घातलं, आणि त्या ताटाजवळून उठून गेली नाही.

"अजी," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "या. बसा जेवाले."

यादोराव येऊन बसले. घास त्यांच्या हातात तसाच राहिला.

"पोट्टा विसरला म्हणत होते लोक, म्हणून जीव जळत होता माह्या," आनंदाबाई म्हणाली. आवाज थकलेला होता, पण राग त्यात शोधूनही सापडला नसता. "आता समजलं. तुमी काही जाणून नाही टाकला. पाणी यावं म्हणूनच टाकला ना? घरातल्या माणसाचाच हात होता तो. हाताले का मालूम रायते, पलीकडं आपलं लेकरू बसलं हाय म्हणून." तिनं पदरानं डोळे पुसले आणि वरणाचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. "आजपासून मी त्या हाताले काही म्हणणार नाही. माफ केलं मी त्याले. जेवा."

यादोरावांनी ताटावरून मान वर केली नाही. ते रडत होते आणि जेवत होते. आनंदाबाई त्यांना वाढत राहिली, आणि डिंपल तिच्या वाढणाऱ्या हाताकडे पाहत राहिली.